गरम इंजिन आयडलिंगला आले की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो : स्विच, पंप की बेअरिंग?

शेवटचा_गिअर (धागाकर्ता)

माझ्याकडे कार्ब्युरेटरवर चालणारी, चार सिलेंडरची एक जुनी पेट्रोल गाडी आहे. इंजिन आजवर एकदाही खोललेले नाही, आणि किलोमीटरचा आकडा मध्यंतरी बंद पडलेला असल्यामुळे गाडी एकूण किती चालली आहे हे खात्रीने सांगता येत नाही. अलीकडे असे होऊ लागले आहे की बराच वेळ गाडी चालवून सिग्नलला थांबलो की डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा आधी अंधूक लुकलुकतो आणि इंजिन तसेच आयडलिंगला राहिले तर स्थिर पेटतो. ॲक्सिलरेटरवर पाय किंचित टेकवला तरी तो लगेच विझतो. सकाळी थंड इंजिनावर मात्र चावी फिरवल्यावर दिवा लागतो, इंजिन सुरू होताच जातो आणि मग कितीही वेळ आयडलिंगला ठेवले तरी पुन्हा दिसत नाही.

मेकॅनिकने ऑइल प्रेशर स्विच बदलून पाहिला, पण काडीचाही फरक पडला नाही. आता त्यांचे म्हणणे असे की ऑइल पंप बदलावा, आणि त्यानेही भागले नाही तर इंजिन खाली उतरवून बेअरिंग पाहावे. डिपस्टिकवर पातळी मी नियमितपणे पाहतो. गाडी ऑइल मुळीच पीत नाही. पातळी नेहमी वरच्या खुणेला, किंबहुना तिच्या जराशी वरच असते. ऑइल १५डब्ल्यू-४० (ही ऑइलाच्या दाटपणाची ग्रेड) आहे, मॅन्युअलमध्ये तेच सांगितले आहे, आणि आयडलिंग सुमारे ८०० आरपीएमला स्थिर आहे. इंजिनातून वेगळा ठोका किंवा खडखड ऐकू येत नाही. इंजिन खोलण्याआधी काय काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पानापक्कड

मेकॅनिकने सुचवलेला क्रम खर्चाच्या दृष्टीने स्वस्ताकडून महागाकडे जातो हे खरे, पण त्यात एक पायरी राहून गेली आहे आणि नेमकी तीच सर्वांत महत्त्वाची आहे : प्रत्यक्ष दाब किती आहे हे अजून कोणीही मोजलेले नाही.

तो दिवा दाब दाखवत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. आपल्यासारख्या जुन्या गाड्यांत ब्लॉकवर बसवलेला स्विच म्हणजे आत एक पातळ पडदा, एक स्प्रिंग आणि दोन संपर्कबिंदू, एवढाच सगळा कारभार असतो. दाब नसताना संपर्क जोडलेले असतात, त्यामुळे दिव्याची वायर स्विचच्या अंगातून इंजिनाला अर्थ होते आणि दिवा लागतो. दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की पडदा उचलला जातो, संपर्क सुटतो आणि दिवा विझतो. ही मर्यादा बहुतेक स्विचांमध्ये ०.३ ते ०.५ बार, म्हणजे साधारण ४ ते ७ पीएसआय इतकीच असते. याचा अर्थ असा की दिवा लागला तेव्हा दाब जवळजवळ संपलेलाच असतो, आणि दिवा विझलेला आहे एवढ्यावरून दाब पुरेसा आहे असे मुळीच म्हणता येत नाही. ३००० आरपीएमला दाब ०.८ बारवर आला तर बेअरिंगांची धडगत नाही, पण त्या वेळीही दिवा शांतपणे विझलेलाच राहील.

विजेच्या बाजूची तपासणी पाच मिनिटांत होते. दिवा लागलेला असताना स्विचवरची वायर काढावी. तरीही दिवा जळत राहिला, तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकते आहे आणि ऑइलचा यात काही संबंध नाही. वायर काढताच दिवा गेला, तर वायरिंग ठीक आहे. नंतर चावी चालू ठेवून इंजिन बंद असताना त्याच वायरचे टोक ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावून पाहावे. दिवा लागला पाहिजे. जुन्या स्विचमधून ऑइल झिरपून कनेक्टर भिजलेला असतो, तोही पुसून घ्यावा. आपल्या वर्णनात दिवा खड्ड्यांत किंवा वळणावर न लागता केवळ इंजिन तापल्यावर आणि केवळ आयडलिंगला लागतो, त्यामुळे दोष वायरीचा असण्याची शक्यता मला फार कमी वाटते.

यानंतर स्विच काढून त्या जागी यांत्रिक प्रेशर गेज लावावे. हा गेज बहुतेक चांगल्या गॅरेजांत असतो आणि सोबत वेगवेगळ्या आट्यांचे ॲडॅप्टरही असतात. पुष्कळ गाड्यांत १० मिलिमीटरचा बारीक आटा किंवा एक अष्टमांश इंची आटा असतो. आटा हाताने सहज बसत नसेल तर पाना लावून जबरदस्ती करू नये, कारण ब्लॉकमधला आटा गेला तर नवे दुखणे उभे राहते. स्विच एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ असेल तर गेजची नळी तापलेल्या भागाला लागणार नाही याची काळजी घ्यावी, कारण दाबाखालचे ऑइल त्यावर फवारले गेले तर आग लागू शकते. नोंदी चार घ्याव्यात : थंड इंजिन आयडलिंगला, आणि पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत तापलेले इंजिन आयडलिंगला, २००० ला आणि ३००० ला.

मागचा_आरसा

गेज मिळेपर्यंत गाडी चालवावी की नाही, हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे, म्हणून लिहितो. चालत्या गाडीत लाल दिवा स्थिर पेटला आणि वेग वाढवूनही गेला नाही, तर बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. गॅरेज जवळच आहे, हळूहळू नेतो, हा विचार मनातही आणू नये. दाबाविना बिग एंड बेअरिंगे (पिस्टनची दांडी क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जोडते तिथली) काही मिनिटांत भाजतात. आपला दिवा आयडलिंगला लुकलुकतो आणि किंचित आरपीएमवर जातो, त्यामुळे प्रसंग तितका तातडीचा नाही, पण मी आपल्या जागी असतो तर मोजमाप होईपर्यंत गाडी उभीच ठेवली असती.

दुसरे असे की गाडी चालताना इंजिनच बंद पडले तर ऑइलचा आणि बॅटरीचा असे दोन्ही दिवे एकदम लागतात. त्याला दाबाचा दोष समजून घाबरणारे पुष्कळ असतात. बंद इंजिनात दाब नसणारच.

आडवाट

इतका खटाटोप कशासाठी, हे मला समजत नाही. जुन्या इंजिनाची झीज झालेली असते, हे उघड आहे. २०डब्ल्यू-५० भरा, दिवा जाईल. माझ्या दोन गाड्या अशाच कित्येक वर्षे चालल्या.

पानापक्कड

दिवा जाईल, याबद्दल मलाही शंका नाही. पण प्रश्न दिवा घालवण्याचा नसून तो का लागतो हे शोधण्याचा आहे. कारण झीज असेल, तर घट्ट ऑइल हा काही काळापुरता रास्त उपाय आहे, मॅन्युअल त्या ग्रेडला परवानगी देत असेल तर विशेषच. कारण पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो तिच्यात अडकलेला गाळ असेल, तर घट्ट ऑइल त्या जाळीतून आणखी कष्टाने ओढले जाईल आणि थंड इंजिन सुरू करताना इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत ते उशिरा पोहोचेल. रोग ओळखण्याआधी औषध दिले, तर त्याचा गुण आला तरी रोग कोणता होता हे कळायचे राहूनच जाते.

स्निग्धांक

ग्रेडचा विषय निघालाच आहे तर त्यामागचे गणित मांडतो, कारण गेजचे आकडे आल्यावर ते उपयोगी पडेल.

पंप दाब निर्माण करतो, ही समजूत अर्धीच बरोबर आहे. गिअरचा किंवा रोटरचा पंप दर फेरीला ठरावीक ऑइल पुढे ढकलतो. दाब तयार होतो तो त्या ऑइलाला बाहेर पडायला होणाऱ्या अडथळ्यामुळे. बागेतल्या पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवल्यावर जे होते, तेच इथे होते. इंजिनात हा अंगठा म्हणजे मेन बेअरिंग (क्रँकला आधार देणारे), बिग एंड बेअरिंग आणि कॅमशाफ्टची (झडपा उघडणाऱ्या दांड्याची) बेअरिंगे यांच्यातील फटी. चांगल्या इंजिनात बेअरिंग आणि क्रँक यांच्यात ढोबळमानाने ०.०२ ते ०.०६ मिलिमीटर इतकी फट असते. अशा अरुंद फटीतून निसटणारा प्रवाह फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, जवळजवळ आठपट होते. बेअरिंगांची झीज थोडी दिसली तरी दाब इतका का कोसळतो, त्याचे कारण हे.

दुसरा घटक ऑइलाचा दाटपणा. ऑइलाच्या ग्रेड ठरवणाऱ्या एसएई वर्गीकरणात १०० अंश सेल्सियसला ४० ग्रेडच्या ऑइलाची श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या मर्यादांत असावी लागते. तेच ऑइल ४० अंशांना शंभराच्या आगेमागे किंवा त्याहून दाट असते. थंड इंजिनात कोणताही दोष झाकला जातो तो यामुळेच, आणि म्हणूनच थंड इंजिनावर घेतलेल्या एकट्या नोंदीवरून काहीही ठरवता येत नाही.

येथे एक गैरसमजही दूर करावासा वाटतो. क्रँक ऑइलाच्या थरावर तरंगतो तो पंपाच्या दाबामुळे नव्हे. फिरणारा क्रँक स्वतःच ऑइल फटीत खेचून घेतो आणि तिथे पंपाच्या दाबाच्या कित्येक पट दाब तयार करतो. पंपाचे काम त्या फटीला अखंड पुरवठा करण्याचे आहे. त्यामुळे आयडलिंगला, इंजिनावर भार नसताना, ०.६ बार दाब असला म्हणून आकाश कोसळत नाही, पण चढावर भार देताना तोच दाब चालणार नाही. जुन्या मिस्त्र्यांचा ठोकताळा असा की तापलेल्या इंजिनात दर १००० आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार दाब असावा. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असेल तर अर्थातच तोच प्रमाण मानावा.

शेवटचा_गिअर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. वायर काढताच दिवा विझला आणि ब्लॉकला लावताच लागला, म्हणजे वायरिंग निर्दोष ठरले. नव्या स्विचच्या षटकोनी अंगावर ०.४ बार असा आकडा कोरलेला आहे. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये तीन तोंडांचा जोड लावून स्विच आणि गेज एकाच वेळी बसवून घेतले, त्यामुळे दिवा कोणत्या दाबाला लागतो हेही डोळ्यांसमोर दिसले. नोंदी अशा आहेत : थंड आयडलिंगला २.९ बार, तापल्यावर आयडलिंगला ०.३ ते ०.४ च्या मध्ये काटा थरथरतो आणि दिवाही त्याच्याबरोबर लुकलुकतो. २००० ला १.२ बार, ३००० ला १.७ बार.

म्हणजे स्विच खरे बोलत होता. आता पंप की बेअरिंग?

पानापक्कड

उत्तम काम केलेत. तो जोड मात्र चाचणीनंतर काढून स्विच थेट ब्लॉकवर बसवून घ्यावा, कारण लोंबकळणारा जोड थरथराटाने आट्यापाशी तुटल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत आणि मग सगळे ऑइल रस्त्यावर जाते. आट्यावर टेपचे वेढेही फार देऊ नयेत, कारण एका वायरीच्या स्विचला अर्थ त्या आट्यातूनच मिळतो.

आकडे काय सांगतात ते पाहू. आरपीएमबरोबर दाब नियमाने वाढतो आहे, मध्येच अडखळत किंवा कोसळत नाही. जाळी गाळाने तुंबली असती, तर आयडलिंगला बऱ्यापैकी दाब दिसून ३००० च्या सुमारास तो ढासळला असता, कारण पंपाला हवे तेवढे ऑइल जाळीतून मिळाले नसते. पंपाच्या नळीचे रबरी सील कडक होऊन हवा ओढली जात असती, तर काटा सगळीकडेच नाचला असता. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) कचऱ्यामुळे उघडा अडकला असता, तर थंड इंजिनातही २.९ बार मिळाला नसता. पंपाची बरीच झीज झाली असती, तरी थंडपणी काही प्रमाणात ती झाकली गेली असती, त्यामुळे पंप पूर्णपणे सुटला असे म्हणता येत नाही. पण सर्व वेगांना सारख्याच प्रमाणात कमी दाब, हे चित्र एक तर सगळ्या फटी वाढल्याचे किंवा ऑइलच पातळ असल्याचे आहे. ऑइल बदलून किती काळ झाला?

ढिला_बोल्ट

मूळ लेखातल्या एका वाक्यावर अजून कोणी बोट ठेवलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. किलोमीटरचा भरवसा नसलेली, कधीही न खोललेली जुनी गाडी ऑइल मुळीच पीत नाही आणि पातळी वरच्या खुणेच्या वर असते, असे धागाकर्ते समाधानाने सांगत आहेत. जुने इंजिन थोडे तरी ऑइल जाळतेच. पातळी तिथेच राहते किंवा वर जाते, याचा अर्थ जळालेल्या ऑइलाची जागा दुसरे काहीतरी घेत आहे. ते पाणी असेल किंवा पेट्रोल. पाणी असेल तर ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आत पांढुरके, फेसाळ लोण्यासारखे काही दिसेल आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत जाईल. पेट्रोल असेल तर डिपस्टिकचा वास घ्यावा, एवढे पुरते. इंजिन तापवून नव्हे, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची डिपस्टिक काढून.

आडवाट

लांबचा प्रवास केल्यावर ऑइलातले पेट्रोल उडून जाते, हे तर सर्वांना माहीत आहे. यांचा दिवा तर लांबच्या प्रवासानंतरच लागतो. मग पेट्रोलाचा सिद्धान्त कसा टिकतो?

स्निग्धांक

आक्षेप योग्य आहे. चोक लावून थोडे थोडे अंतर चालवल्यामुळे जे पेट्रोल ऑइलात उतरते, त्यातला बराच भाग इंजिन नीट तापल्यावर वाफ होऊन ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या) नळीने एअर फिल्टरकडे जातो आणि जळून जातो. पण पेट्रोलातले जड घटक मागे राहतात, आणि मुख्य म्हणजे गळती जर इंजिन फिरत असेपर्यंत अखंड चालू असेल, तर उडून जाण्यापेक्षा येणारे अधिक होते. दिवा प्रवासानंतर लागतो तो ऑइल त्या वेळी सर्वांत तापलेले असते म्हणून. पेट्रोल मिसळलेले १५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंशांना ४० ग्रेडसारखे वागत नाही. ते ३० च्या किंवा त्याहूनही खालच्या ग्रेडवर घसरते.

शेवटचा_गिअर (धागाकर्ता)

सकाळी डिपस्टिक काढली आणि नाकाजवळ नेण्याचीही गरज पडली नाही. पेट्रोलाचा वास सरळ येतो. बोटांत चोळले तर ऑइलाचा ओशटपणा फार कमी जाणवतो. झाकणाच्या आत पांढरे काही नाही आणि रेडिएटर काठोकाठ भरलेला आहे. हे पेट्रोल येते कुठून?

पानापक्कड

ढिला_बोल्ट यांना शंभर गुण. गेजच्या नादात ते वाक्य माझ्याही नजरेतून सुटले होते.

सर्वप्रथम, आता इंजिन सुरू करू नका. पेट्रोल मिसळलेले ऑइल बेअरिंगला धोकादायक आहेच, शिवाय चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, साचलेली वाफ पेटू शकते. ऑइल काढताना जवळपास उघडी ज्योत किंवा जळती विडी नको.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल चेंबरमध्ये उतरण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली वरून : कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोलाची आवक थांबवणारी सुई) नीट बसत नसेल किंवा चोक अडकलेला असेल, तर जास्तीचे पेट्रोल सिलेंडरमध्ये येते आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली झिरपते. अशा गाडीचे प्लग काजळीने काळे पडतात, एक्झॉस्टमधून काळा धूर येतो आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करताना त्रास देते. दुसरी वाट बाजूने : ब्लॉकला लावलेला यांत्रिक पेट्रोल पंप. त्याची दांडी कॅमशाफ्टवरच्या उंचवट्यामुळे वरखाली होते आणि आतला पडदा हलवते. तो पडदा चिरला की पेट्रोल दांडीच्या बाजूने थेट इंजिनात उतरते आणि गाडीच्या चालण्यात काहीही फरक जाणवत नाही. पुष्कळ पंपांच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र ठेवलेले असते, पडदा फाटला तर पेट्रोल तिथून बाहेर ठिबकून मालकाला कळावे म्हणून.

तेव्हा आधी चारही प्लग काढून रंग पाहा. फिकट तपकिरी असतील तर कार्ब्युरेटरच्या मागे न लागता पंप उतरवा.

शेवटचा_गिअर (धागाकर्ता)

चारही प्लग फिकट तपकिरी निघाले, म्हणून पंप उतरवला. खालच्या अंगाला आपण म्हणता तसे छिद्र होते, पण ते ग्रीस आणि धुळीच्या वाळलेल्या थराखाली पूर्ण बुजलेले होते आणि टाचणीने कोरल्यावरच दिसले. पंप खोलल्यावर पडदा वरून धड वाटला. उजेडासमोर धरून मधल्या दांडीभोवती वाकवला तेव्हा वर्तुळाच्या जवळजवळ एक तृतीयांश भागात केसासारखी चीर उघडली. ऑइल सोडले तेव्हा ते नेहमीच्या जाड धारेने न पडता भसकन आले. या इंजिनात फिल्टरसह साडेतीन लिटर ऑइल बसते. निघाले ते चार लिटरच्या वर भरले.

ढिला_बोल्ट

नवा पंप लावताना एक सांभाळा. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णतारोधक जाड तुकडा आणि दोन्ही बाजूंना पॅकिंग असते. त्यांची एकूण जाडी जितकी होती तितकीच ठेवावी, कारण दांडीचा पल्ला त्या जाडीवर ठरतो. पातळ पॅकिंग घातले तर दांडीवर ताण येऊन नवा पडदाही लवकर जातो, जाड घातले तर पेट्रोल कमी पडते. जुना फिल्टरही फेकू नका; कापून आतला कागद उलगडून पाहा.

फ्लशप्रेमी

एवीतेवी ऑइल रिकामे केलेच आहे तर फ्लशिंगचे औषध घालून इंजिन धुऊन घ्यावे, असे सुचवतो.

पानापक्कड

या इंजिनात तरी नको. कधीच न खोललेल्या इंजिनाच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षांचा गाळ चिकटून बसलेला असतो, आणि तो एकदम सुटला तर सरळ पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. मग आज नसलेला दोष उद्या निर्माण होतो. शिवाय या ऑइलातल्या पेट्रोलाने नकळत बरेच धुणे आधीच केलेले असण्याचा संभव आहे. त्यापेक्षा साधे, योग्य ग्रेडचे ऑइल भरून ते लवकर, म्हणजे नेहमीच्या निम्म्या अंतराला फिल्टरसह बदलावे. चेंबर खाली उतरवायची तयारी असेल तर जाळी हाताने साफ करणे सर्वांत चांगले.

शेवटचा_गिअर (धागाकर्ता)

नवा पेट्रोल पंप, मूळ जाडीची पॅकिंगे, नवा फिल्टर आणि १५डब्ल्यू-४० ऑइल, एवढे झाले. पहिल्यांदा सुरू करताना कॉइलची मधली वायर काढून अर्थ केली आणि दिवा विझेपर्यंत स्टार्टरनेच इंजिन फिरवले, म्हणजे फिल्टर भरण्याआधी इंजिन पेटले नाही. नंतर गाडी पूर्ण तापवून पुन्हा गेज लावला. आयडलिंगला १.१ बार, २००० ला २.४ बार, ३००० ला ३.३ बार. सिग्नलला दिवा लागत नाही. पातळी मी आता डिपस्टिकवर खूण करून पाहतो आहे. ती वर गेलेली नाही, उलट अगदी किंचित खाली आली आहे आणि आयुष्यात प्रथमच त्याचा आनंद झाला.

फिल्टर कापून पाहिला. कागदाच्या घड्यांत काळा गाळ आहे आणि उजेडात धरल्यावर काही बारीक चमकदार कण दिसतात. ते चुंबकाला चिकटत नाहीत. हे बेअरिंगाचे असतील का? आणि असतील तर इंजिन खोलावे का?

स्निग्धांक

चुंबकाला न चिकटणारे कण लोखंडी नाहीत एवढे नक्की. ते बेअरिंगांच्या मऊ थराचे असू शकतात किंवा पिस्टनच्या ॲल्युमिनियमचेही. पातळ ऑइलावर काही काळ चाललेल्या इंजिनात थोडी झीज झालीच असणार. पण आता दर १००० आरपीएममागे ०.७ बारच्या ठोकताळ्याहून आपला दाब वर आहे, आणि स्वच्छ ऑइलावर मिळालेला १.१ बार हा फटी अजून मर्यादेत असल्याचा पुरावा आहे. एवढ्यावरून इंजिन खोलायला मी सांगणार नाही. कणांचा रंग तांब्यासारखा लालसर दिसला तर मात्र गोष्ट वेगळी, कारण वरचा मऊ थर जाऊन खालचा तांबूस थर घासू लागला असा त्याचा अर्थ होतो.

पानापक्कड

सहमत. पुढचा फिल्टरही असाच कापून दोन्हींची तुलना करावी. कण कमी झाले तर जुन्या ऑइलाच्या काळातले होते असे समजावे, वाढले किंवा खालून जड ठोका ऐकू येऊ लागला तर चेंबर उतरवून एक बिग एंड कॅप सोडावी आणि बेअरिंग डोळ्यांनी पाहावे. वरून येणारी बारीक टकटक टॅपेटची (झडपा हलवणाऱ्या भागांची) असते, तिला या ठोक्याशी गल्लत करू नये.

नवखा_चालक

या धाग्याला जोडूनच विचारतो. माझ्या गाडीचा दिवा रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी इंजिन सुरू झाल्यावरही चार-पाच सेकंद जळत राहतो, वरून टकटक येते आणि मग सर्व शांत होते. दिवसभरात पुन्हा असे होत नाही. तीव्र वळणावर मात्र क्वचित एकदा लुकलुकतो. ही दोन्ही लक्षणे एकाच दोषाची आहेत का?

ढिला_बोल्ट

बहुधा नाहीत. सकाळचे लक्षण फिल्टरचे आहे. फिल्टरच्या तोंडाशी रबरी झडप असते, ती गाडी उभी असताना ऑइल परत चेंबरमध्ये जाऊ देत नाही. ती कडक झाली किंवा फिल्टर हलक्या प्रतीचा असला, तर रात्रीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो. चांगला फिल्टर लावून दोन-तीन सकाळी पाहा. वळणावरचे लक्षण पातळी कमी असल्याचे आहे. ऑइल एका बाजूला सरकते आणि जाळी क्षणभर उघडी पडून हवा ओढते. गाडी सपाट जागी लावून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी, डिपस्टिक एकदा पुसून पुन्हा घालून पातळी पाहा आणि खालच्या खुणेजवळ असेल तर आजच भरा. भरून झाल्यावर डिपस्टिकचा वासही घ्या.